गायकवाड बाईंचं गेट

गायकवाड बाई साडीला इतकी खळ घालत की ती घडी करून ठेवावी लागत नसे, भिंतीला टेकवून उभी करता येई. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढे मी असं आणखी बरंच सांगणार आहे आणि वाचणाऱ्याला माझी सवय झालेली बरी. दहाचे शंभर करायची खोड मला लहानपणापासून आहे. पण बाईंच्या बाबतीत शंभराचे दहा करून सांगितले तरी लोक म्हणतात, "काय राव, फेकतोस!"

बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाडा संपून मांजर्ली सुरू व्हायच्या बेतात आमची मराठी प्राथमिक शाळा होती. सात खोल्या, एक मैदान, एक हातपंप आणि एक गेट. शाळेला मुख्याध्यापक होते, नाही असं नाही. पण शाळा चाले गेटवरून, आणि गेट चालवत गायकवाड बाई. सातला दहा कमी असताना त्या तिथे उभ्या राहत. उंच, सडसडीत, निऱ्यांना अशी धार की भाजीवाल्याने त्यावर कोथिंबिरीची जुडी कापावी. पदराला पिना अकरा. हा आकडा मात्र मोजून सांगतोय. स्टाफरूममध्ये माझी खुर्ची त्यांच्या मागे होती, मोकळ्या तासाला दुसरं काय करणार?

मी दोन हजार दोनच्या जूनमध्ये तिथे रुजू झालो. अंबरनाथ पूर्वेहून निघून धावतपळत पोचलो तर गेटवर बाई. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"नवीन सर ना? या. तुमच्याकडे आज लवकर लाइट गेली वाटतं."

मी चाटच पडलो. "तुम्हाला कसं कळलं?"

"पँटीच्या उजव्या पायाला इस्त्री आहे, डाव्याला नाही."

तेव्हा लोडशेडिंगचे दिवस होते. अर्धं अंबरनाथ एका पायाला इस्त्री करूनच कामाला जात असे. पण ते असं तोंडावर वाचून दाखवणारं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं.

बाई कपडे वाचत. आपण पेपर वाचतो तसे, मथळ्यापासून जाहिरातीपर्यंत. एकदा दुसरीतल्या एका चिमुरडीच्या निळ्या फ्रॉकची खालची कड त्यांनी दोन बोटांत धरली आणि म्हणाल्या, "दुमड तीनदा उसवलीय. ही पहिली रेघ तुझ्या ताईची, ही मधलीची आणि ही तुझी. ताई सातवीत गेली ना? आणि मधली दप्तर डाव्या खांद्याला लावते, सांग तिला, खांदा वाकडा होईल. इथे बघ, कापड झिजलंय." पोरगी बाईंकडे अशी बघायला लागली जशी गावाकडे लोक अंगात आलेल्या बाईकडे बघतात.

आमचा गणवेश साधा. मुलांना पांढरा शर्ट, निळी हाफ पँट. मुलींना पांढऱ्या ब्लाउजवर निळा फ्रॉक आणि दोन वेण्यांना लाल रिबिनी. बहुतेकांचं कापड उल्हासनगरच्या बाजारातून येई. तिथल्या एका सिंधी दुकानदाराने एका वर्षी निळ्याच्या नावावर भलताच रंग खपवला. बाई स्वतः तीस फ्रॉक घेऊन त्याच्या दुकानात गेल्या. तो म्हणाला, "साईं, यही तो नेवी ब्लू है." बाईंनी बोट ओलं करून कापडावर घासलं आणि जांभळं झालेलं बोट त्याच्या पांढऱ्याशुभ्र गादीवर पुसलं. बस. त्याने तीसच्या तीस बदलून दिले, वर थंडा पाजला. पुढे म्हणे आमच्या शाळेचं नाव काढलं की तो आधी गादी गुंडाळायला सांगायचा.

आता कुणाला वाटेल, बाई नुसत्या कडक होत्या. कडक होत्याच. पण त्यांचा कडकपणा भलत्याच जागी असे. ठिगळ चाले, विटलेलं चाले, भावाची पँट सुतळीने बांधून आलेली चाले. मळ चालत नसे, तुटकं बटण चालत नसे, खिशात रुमाल नसलेला चालत नसे. आणि जो पोरगा असा स्वच्छ, नीटनेटका येई त्याला बाई अहोजाहो करत. पहिलीतला शेंबडा, पण "या साहेब, या!" नीट नसेल तर "ए, इकडे ये रे." पोरांना छडीचं काही वाटत नसे. सकाळी आपण साहेब की "ए" याच्या धास्तीने मात्र अख्खं मांजर्ली पहाटेपासून बूट पुसत बसे.

याचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं, तेही चहाचा कप धुताधुता, माझ्याकडे पाठ करून. "आमचे वडील कारखान्यात हेल्पर होते, सर. रविवारी विहारात जाताना पांढरा शर्ट, पांढरी पँट. आणि आईने विचारलं की म्हणायचे, मळक्या कपड्यातल्या आपल्या माणसाला लोक लगेच अरेतुरे करतात. स्वच्छ कपडा घातला की जरा थांबतात. तेवढं थांबणं मला पोराबाळांसाठी पाहिजे." कप पालथा घालून त्या वर्गावर निघून गेल्या.

बाईंच्या कमरेला बटव्यात सुई, दोरा आणि बटणं असत. तुटकं बटण दिसलं की पोराला गेटच्या खांबाशी उभं करून अंगावरच शिवायच्या. अंगावर असताना कपडा शिवायचा तर त्या माणसाने तोंडात दोरा धरावा, असं जुन्या बायका मानतात. बाई असल्या समजुती एरवी उडवून लावायच्या, पण ही एवढी पाळत. "धर दोरा दातात. पडला तर पुन्हा पहिल्यापासून." मी एकदा विचारलं, "बाई, तुम्हीसुद्धा?" तर म्हणाल्या, "पोरं गप्प राहतात, सर. दुसरं काही नाही."

या दोऱ्याने एका पंधरा ऑगस्टला इतिहास घडवला. झेंडा फडकला, पाहुणे बसले, आता मुख्याध्यापकांचं भाषण. त्यांची भाषणं अशी की बालवाडीत ऐकायला बसलेला पोरगा उठेपर्यंत चौथीत जाई. ते उठले तोच बाईंना त्यांच्या कोटाचं मधलं बटण लोंबताना दिसलं. बाई व्यासपीठावर गेल्या, दोरा त्यांच्या दातात दिला आणि शिवायला लागल्या. पाहुणे म्हणतायत, "बोला ना सर." सर नुसती मान हलवतायत. दोरा पडला तर पुन्हा पहिल्यापासून, हे त्यांनाही ठाऊक! बाईंनी ते बटण सावकाश, चांगली पाच मिनिटं शिवलं. तोवर ढग दाटून आले आणि पाहुण्यांनीच आभार मानून टाकले. शाळेच्या इतिहासातलं सर्वांत गाजलेलं भाषण ते. बाईंनी मुद्दाम केलं का, यावर स्टाफरूममध्ये दोन तट होते.

मुलांचा गणवेश मार्गी लागला तसा बाईंनी मोर्चा आयांकडे वळवला. आमच्याकडे सकाळी पोराला शाळेत सोडायला येणारी आई म्हणजे गाऊन. फुलाफुलांचा, पायघोळ, आणि त्यावर लाजेकाजेस्तव एक ओढणी नाहीतर टॉवेल. याच पोशाखात दूध येतं, दळण येतं, कोथिंबीर येते. बाईंना ते सहन होईना. त्यांनी स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात पाटी लिहून गेटला लावली: "पालक भगिनींनी गाऊन घालून शाळेत येऊ नये."

भगिनी खवळल्या. पुढे आली सारिकाची आई. सारिका तिसरीतली हुशार मुलगी, मांजर्लीत नदीकडच्या चाळीत राहणारी. तिची आई डब्याच्या पोळ्या लाटायची आणि जीभ लाटण्याहून वेगाने चालवायची.

"काय हो बाई, आम्हाला काय हौस आहे का? नळ साडेसहाला येतो, सात वाजता शाळा. साडी काय नळाखाली उभी राहून नेसू?"

"मुलीला बघा. कशी नीट आलीय."

"मीच धाडलंय ना तिला नीट! एका घरात एकच माणूस नीट होतं सकाळी. दोघी नाही होत."

"मग तुम्ही गिरणीपाशी थांबा. ती येईल तिथून एकटी."

गेटपासून पन्नासेक पावलांवर पिठाची गिरणी होती. त्या दिवसापासून गिरणी ही सरहद्द झाली. रोज सकाळी तिथे शंभरभर गाऊन ओळीने उभे, आणि पुढचा रस्ता पोरं एकटी चालत. एखादी विसरून पाऊल पुढे टाकायची, बाई नुसत्या बघायच्या, की ती गर्रकन वळून रिक्षाच्या आड! गिरणीवाल्याचा धंदा दुप्पट झाला. उभ्याच आहोत तर आणा दळण.

आता बाईंच्या दाराची गोष्ट. बाई हेंद्रेपाड्यात एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. लग्न केलं नव्हतं. सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा घेऊन मी एका संध्याकाळी तीन जिने चढलो, बेल दाबली. दार उघडलं, पण किती? चार बोटं! त्यातून एक हात आला, गठ्ठा घेतला, "आभारी आहे, सर," असा आवाज आला आणि दार बंद. पाणी नाही, बसा नाही. इतक्या रीतीच्या बाई, आणि हे काय? शिपायाने सांगितलं, त्यालाही चारच बोटं. मुख्याध्यापक दिवाळीचा फराळ घेऊन गेले, त्यांनाही चारच.

मग काय, स्टाफरूममध्ये तर्कांना ऊत आला. कुणी म्हणे आत खळीचे पिंप उकळत असतात. कुणी म्हणे घरात इतका पसारा आहे की दार त्याहून जास्त उघडतच नाही. माझं म्हणणं, बाईंनी आत एक निलंबित मुख्याध्यापक कोंडून ठेवलाय. तीन वर्षं त्या चार बोटांनी मला झोपू दिलं नाही.

आणि दोन हजार पाचच्या जुलैत उल्हास नदी मांजर्लीत शिरली.

त्याबद्दल मी वाढवून काही सांगणार नाही. वाढवायला तिने जागाच ठेवली नव्हती. शाळा जरा उंचावर, तिच्या पायऱ्यांपर्यंत पाणी येऊन परतलं. खाली चाळींमध्ये पत्र्यापर्यंत होतं. दहाबारा दिवसांनी चिखल काढून शाळा सुरू केली, तर हेंद्रेपाड्यातली मुलं आली आणि मांजर्लीची एकेचाळीस मुलं आलीच नाहीत. बाईंनी शिपायाकडून निरोप धाडला: गणवेश नसला तरी चालेल. कुणी येईना. फळ्यावर लिहून फळा नाक्यावर ठेवला. तरी कुणी येईना. चौथ्या दिवशी मी बघायला गेलो.

सारिकाच्या घरात दोरीवर गाद्या लोंबत होत्या. सारिका आता चौथीत. मला बघून ती दाराआड झाली. तिची आई भिंत खरवडत होती.

"कशी पाठवू, सर? फ्रॉक खुंटीला होता, गेला. दप्तर गेलं. राहिलं काय, तर माळ्यावरच्या पेटीतलं. मामाच्या लग्नातला घागरा! सगळ्यांचं तेच झालंय. रोजचं वाहून गेलं आणि लग्नातलं राहिलं. हिला म्हटलं, घाल घागरा आणि जा. तर म्हणते, गायकवाड बाई गेटवर असतील."

"अहो, पण बाईंनीच निरोप धाडलाय ना, चालेल म्हणून?"

दाराआडून सारिका बोलली, "सर, बाई असं म्हणणारच नाहीत. कुणीतरी खोटं सांगतंय."

हीच गत घराघरात. बाईंनी सूट दिली यावर मांजर्लीत एकाही पोराचा विश्वास बसेना. आणि सारिकाची आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "हिला मामाकडे नेरळला पाठवते आता. तिथे धाकट्यांना सांभाळेल. शाळेचं पुढच्या वर्षी बघू."

मी परत येऊन बाईंना सगळं सांगितलं. "पोरं पाण्याला नाही घाबरली, बाई. तुम्हाला घाबरलीत." हे मी जरा मजेने म्हणालो आणि म्हणताक्षणी जीभ चावली. बाईंचा चेहरा इस्त्री फिरवल्यासारखा सपाट झाला. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "सारिका कधी जाणार?"

"परवा."

"पुढच्या वर्षी बघू म्हणालेली मुलगी मी अजून परत आलेली पाहिली नाही, सर." मग गेटकडे वळून म्हणाल्या, "उद्या सगळ्यांना घेऊन या. आत येऊ नका म्हणावं. नुसतं गिरणीपर्यंत या म्हणावं. तिथून बघा आणि मग ठरवा."

दुसऱ्या दिवशी मी वरात घेऊन निघालो. वरातच होती ती! पुढे सारिका जरीच्या घागऱ्यात. मागे एक शेरवानीवाला, एक फेटेवाला, दोन नऊवारी घातलेल्या चिमुकल्या नवऱ्या, काकाचं बनियन घोट्यापर्यंत घातलेला एक, आणि पूरग्रस्तांच्या वाटपात आलेल्या भल्यामोठ्या कोटात पुरता हरवलेला एक. त्यांच्या बाजूने गाऊन घातलेल्या आया. सगळे चिखल तुडवत गिरणीपाशी आले आणि सवयीने थांबले.

गेटवर कुणीतरी उभं होतं. उंच, सडसडीत. तपकिरी गाऊन, त्यावर पिवळी फुलं, खांद्यावर टॉवेल.

मी शपथेवर सांगतो, गिरणीचा पट्टासुद्धा थांबला. मुख्याध्यापक गेटवरच्या पाटीला पाठ लावून, ती झाकायची धडपड करत उभे होते. कुणी हसलं नाही. सारिकाच्या आईच्या तोंडून एवढंच निघालं, "अगं बाई!" आणि तिने सरहद्द ओलांडली. मागोमाग सगळे.

गेटपाशी गेल्यावर बाई सारिकाला म्हणाल्या, "माझ्या साड्या गेल्या गं पुरात. हे एवढंच राहिलंय. तू वर्गाची मॉनिटर. सांग, मला आत घेतेस का?"

सारिकाने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग घागरा सावरून पुढे झाली. "नखं दाखवा."

बाईंनी दोन्ही हात पुढे केले.

"रुमाल?"

बाईंनी टॉवेलाचं टोक दाखवलं. सारिकाने जरा विचार केला. "चालेल आज. या बाई."

"आभारी आहे. आता तुम्ही या, मॅडम." आणि मग एकेकाला: "या साहेब. या मॅडम. अहो कोटवाले, बघून चाला, पायरी आहे." एकेचाळीसच्या एकेचाळीस. एकालाही "ए" नाही.

मी सगळ्यात शेवटी आत शिरलो. तीन वर्षं बाईंच्या हाताखाली काढलेली, नजर आपोआप गाऊनच्या कडेवर गेली. सुती गाऊन धुऊन धुऊन आखडतो, मग दुमड सोडावी लागते. तिथे दोन जुन्या रेघा होत्या. टाके बाईंचेच, ते मी कुठेही ओळखीन. कोपराशी कापड विरलेलं. म्हणजे हा गाऊन कुणाकडून मागून आणलेला नव्हता, वाटपातला नव्हता. कित्येक वर्षं रोज वापरातला होता. आणि एकदम मला ती चार बोटं आठवली, आणि त्यातून आलेला हात. त्या हाताला तपकिरी बाही होती, तीवर पिवळं फूल होतं. बघितलं होतं मी. वाचलं नव्हतं.

सारिका नेरळला गेली नाही. दिवाळीपर्यंत गणवेश आले आणि बाई पुन्हा खळीच्या साडीत, अकरा पिनांत उभ्या राहिल्या. पाटीही जागेवर होती. फक्त आया आता गिरणीपाशी थांबत नसत, गेटपर्यंत येत. बाई तेव्हा नेमक्या कुणाची तरी रिबीन बघत असत.

चार वर्षांनी बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभ आटोपून हार, नारळ, शाल घेऊन त्या गेटपाशी आल्या तेव्हा मीच सोबत होतो. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. चार वर्षं पोटात ठेवलेलं होतं माझ्या. पाणी हेंद्रेपाड्यात फार तर तळमजल्याच्या पहिल्या पायरीला लागलं होतं. बाई तिसऱ्या मजल्यावर. मग साड्या गेल्या कशा?

"बाई, एक विचारू? त्या पुराच्या वेळी..."

"थांबा," बाई म्हणाल्या. "हे काय? कॉलरखालचं बटण लोंबतंय."

नारळ माझ्या हातात आला. बटवा उघडला, सुई ओवली गेली, आणि दोऱ्याचा तुकडा माझ्या ओठांशी आला. पंचेचाळिशीचा मी, त्या खांबाशी, तोंडात दोरा धरून, हातात नारळ घेऊन उभा. येणारीजाणारी पोरं बघतायत.

बाईंनी सावकाश शिवलं. पाच मिनिटं तरी. त्या बटणाला इतके टाके बसलेत की शर्ट फाटून गेला, बटण अजून माझ्याकडे आहे. शेवटी वाकून दोरा तोडला, कॉलर सरळ केली आणि माझ्या डोळ्यांत बघून विचारलं,

"हं. काय म्हणत होतात, सर?"

मी तोंडातला दोरा काढला. "काही नाही, बाई."

"बरं," म्हणाल्या, नारळ परत घेतला आणि गेटमधून बाहेर पडल्या. गिरणीपाशी गाऊन घातलेली एक बाई उभी होती. तिला ओलांडताना त्यांनी जराशी मान लववली, आणि हेंद्रेपाड्याच्या रस्त्याला लागल्या. साडीवर एकही सुरकुती नव्हती.